जलकेंद्रावरचा दोनसुरी भोंगा

७ ऑक्टोबर

ही म्हणाली, "दिवसभर माझ्यापाशी कुरकुर करता, ती वहीत लिहा. घराला तेवढीच शांतता." शाळेत एकतीस वर्षं गाणं शिकवलं, पण बायकोचं ऐकायला मात्र आज शिकलो. म्हणून ही वही.

पहिलीच नोंद चांगली आहे. पोस्टमनबाईंना जलकेंद्राच्या मनोऱ्यावर एक भोंगा दिसलाय. बाई निवृत्त झाल्या तरी गावातलं एकही छप्पर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. दुपारी आल्या, चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "मास्तर, रोज तिथून जायचे मी, आणि इतकी वर्षं ते टाकीचं झाकण समजत होते. डोळे फुटले होते माझे!"

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. आम्ही तिघं भोंगे शोधतो. पूर आला, आग लागली, विमानं आली की ओरडायचे ते जुने भोंगे, आता छपरांवर गंजत पडलेले. शोधायचं, बनावट ओळखायची, नोंदवहीत लिहायचं. वही फिटरकडे असते, कारण त्याचं अक्षर चांगलं आहे. फिटर दोरखंडाच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडेपर्यंत. भोंगा उघडायचं काम त्याचं. बाईंचं काम डोळ्यांचं. आणि कानाचं काम माझं.

भोंग्याच्या पोटात एक चक्र फिरतं. त्याला खिडक्या असतात. खिडक्या जास्त, तितका सूर चढा. खिडक्या दिसत नसल्या तर मी आवाज ऐकून सांगतो, सहा आहेत की आठ की दहा. मग फिटर उघडून मोजतो. अकरा वर्षांत मी एकदाही चुकलेलो नाही. फिटर म्हणतो, "मास्तरांचा कान म्हणजे सोनाराचा काटा." मी नको नको म्हणतो, पण ऐकायला बरं वाटतं.

९ ऑक्टोबर

आमचा एक नियम आहे, मीच घातलेला: आधी लिहायचं, मग बोलायचं. भोंगा वाजला की ज्याने त्याने आपल्याला काय ऐकू आलं ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. नाहीतर एक जण बोलतो आणि बाकीच्यांना तेच ऐकू यायला लागतं. वर्गात चाळीस पोरांचं हेच व्हायचं.

रेडिओ बिघडलाय. गाण्याच्या मागे त्याच गाण्याची सावली लागल्यासारखं वाटतं. हिला म्हटलं तर म्हणते, "मला तर नीट ऐकू येतंय." हिला आणि सूर कधीपासून कळायला लागला!

१३ ऑक्टोबर

आज तिघं जलकेंद्रावर. मनोऱ्याची शिडी लोखंडी, उभी. चार पायऱ्या चढलो आणि मनोरा गरकन फिरला. खाली उतरून बसलो. सकाळी नुसत्या चहावर निघालो होतो, त्याचा परिणाम. फिटर वर गेला. सत्तरीला टेकलाय, पण माकडासारखा चढतो.

खाली येऊन म्हणाला, "मास्तर, कुण्या शहाण्याने वरून पत्र्याचं टोपडं वेल्ड करून बसवलंय. आवाज खालच्या फटीतून निघेल, पण खिडक्या काही दिसत नाहीत. अंगाने मात्र उंच आहे. नेहमीच्यापेक्षा वीतभर तरी उंच."

वीतभर उंच! दोनसुरी भोंग्यात खिडक्यांच्या दोन ओळी असतात, एकीवर एक. खाली आठ, वर दहा. त्यामुळे तो उंच असतो आणि एका वेळी दोन सुरांत ओरडतो, षड्ज आणि गंधार. जुन्या छापील यादीत त्याचं चित्र आहे. प्रत्यक्षात आम्हाला एकही मिळालेला नाही.

फिटर म्हणाला, "टोपड्याची उंचीसुद्धा असेल ती." तो जन्माचा असाच, दुधात आधी पाणी शोधणारा.

१७ ऑक्टोबर

तंत्रशाळेचं पत्र आलं. त्यांच्या अंगणात एक भोंगा कायमचा उभा करायला जागा देतायत. क्रेनही देतायत, पण एका दिवसापुरती, नऊ नोव्हेंबरला. म्हणजे भोंगा उतरवायचा तो एकच.

फिटरने पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाला, "दोरखंडाचा कारखाना बारा तारखेपासून पाडणार आहेत."

त्या कारखान्याच्या छपरावरचा भोंगा आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे. साधा, एकसुरी, सहा खिडक्यांचा. असले आम्ही सतरा नोंदवलेत. पण त्याचा खटका फिटरच्या वडिलांच्या हातात होता. नदीला मोठा पूर आला त्या दिवशी ते यंत्रघरात एकटे होते. पाणी कमरेपर्यंत चढलं तरी खटका सोडला नाही, वर करायचे, खाली करायचे, भोंगा ओरडत राहिला आणि खालची वस्ती टेकडीवर पोचली. हे मी फिटरच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलंय. दर वेळी तो शेवटी म्हणतो, "त्यांना कुणी साधं शाबास म्हटलं नाही."

पोस्टमनबाई लगेच म्हणाल्या, "मग प्रश्नच नाही. फिटरच्या वडिलांचा."

मी म्हटलं, जलकेंद्राचा ऐकून तरी घेऊ. दोनसुरी निघाला तर देशात दुसरा नसेल.

फिटर म्हणाला, "ऐकू की. मास्तर म्हणतायत ते बरोबर आहे."

२० ऑक्टोबर

नात व्हायोलिन घेऊन आली होती. अकरा वर्षांची आहे, हात चांगला आहे, पण आज काय वाजवत होती देव जाणे. एकेक सूर दुहेरी, फाटल्यासारखा. तीनदा थांबवलं. म्हणाली, "आजोबा, मी बरोबर लावलंय. ताईंनी कालच तपासलं." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! कपाटातून माझा नादकाटा काढला, तिला खरा सूर ऐकवावा म्हणून. गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. तोही चढलेला! चाळीस वर्षं साथ दिली, आता गंजला बिचारा.

नात रडत घरी गेली. ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. किंवा बोलली असेल. हल्ली ही फार पुटपुटते.

२४ ऑक्टोबर

आजची नोंद ठळक अक्षरात लिहायला हवी.

जलकेंद्राच्या पंपवाल्याने अकरा वाजता दहा सेकंद भोंगा वाजवायची परवानगी दिली. शेजारपाजारच्यांनी घाबरू नये म्हणून बाई फाटकापाशी उभ्या राहिल्या. मी आणि फिटर मनोऱ्याखाली, हातात चिठ्ठ्या. पंपवाल्याने खटका दाबला. आधी नुसती घरघर, मग पक्षी उडाले, आणि मग तो चढत गेला. आणि मला ऐकू आले. दोन. स्वच्छ दोन सूर, एकाच्या अंगाला अंग लावून दुसरा. मला राहवलं नाही. "दोन!" मी ओरडलो. "फिटर, दोन आहेत रे!"

नियम मी मोडला, कबूल आहे. पण असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदा येतो.

फिटरची चिठ्ठी तोवर लिहून झाली होती, मुठीत होती. मी म्हटलं, दाखव. त्याने पाठ फिरवून काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. पेन्सिल बोथट असणार. मग चिठ्ठी दाखवली. दोन.

वरचा सूर गंधार असायला हवा, मला तो बराच उतरलेला वाटला, रिषभाच्या आसपास. फिटरला म्हटलं, गंजामुळे. तो म्हणाला, "पण मास्तर, दोन्ही ओळी एकाच दांड्यावर फिरणार. गंजाने वेग कमी झाला तर दोन्ही सूर उतरतील. दोघांतलं अंतर कसं बदलेल?"

मी म्हटलं, "तू लोखंड बघ, सूर माझ्यावर सोड."

"सोडला," तो म्हणाला.

बाई फाटकापासून आल्या. त्यांच्या चिठ्ठीत 'एक'. फाटक दोनशे पावलांवर, मध्ये पंपघराची भिंत. त्या अंतरावरून बारकावा कसा कळणार?

२५ ऑक्टोबर

तिघं बसलो. बाई अडून बसल्या. "मास्तर, भोंगे काय, मिळतील. वडील एकदाच मिळतात."

मी समजावून सांगितलं. आपण वस्तू बघतो, माणसं नाही. सहा खिडक्यांचे चवलीला पासरी आहेत. भावनेवर चाललं तर वहीला काय अर्थ?

बाई फिटरकडे वळल्या. "तुम्ही बोला ना! तुमचा आहे तो."

फिटरने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "मास्तरांनी दोन ऐकलेत," म्हणाला. "मग जलकेंद्राचा उतरवू."

याला म्हणतात मन मोठं असणं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

९ नोव्हेंबर

उतरवला. तंत्रशाळेच्या शेडमध्ये ठेवलाय. क्रेनच्या माणसाशी फिटरच बोलत होता, मला त्या गोंगाटात काही समजेना. डावा कान सकाळपासून भरलाय, आत कुणी कापूस कोंबल्यासारखा. सर्दी होणार बहुतेक.

टोपडं कापायला शाळेचा वेल्डर सोळा तारखेला येईल.

१२ नोव्हेंबर

आज दोरखंडाचा कारखाना पाडायला घेतला. मला जायचं होतं, पण पलंगावरून उठताना खोली फिरली आणि ओकारी झाली. पित्त. ही म्हणाली, "कान दाखवा एकदा. मी डावीकडून हाक मारते ती तुम्हाला ऐकू येतच नाही." पित्ताला कानाचा डॉक्टर! हिचं डोकं कुठल्या दुकानात मिळतं, विचारायला हवं.

बाई संध्याकाळी सांगून गेल्या. फिटर सकाळी सातपासून रस्त्याच्या पलीकडे उभा होता. छप्पर खाली आलं तेव्हा भोंगाही आला, मातीत. भंगारवाल्याने तिथेच घणाने फोडला, कारण अख्खा गाडीत मावेना. फिटरने यंत्रघरातल्या खटक्याची लाकडी मूठ तेवढी मागून घेतली.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सोळा तारखेला खिडक्यांच्या दोन ओळी बघितल्या की त्यालाही पटेल.

१६ नोव्हेंबर

एक ओळ. आठ खिडक्या.

वेल्डरने टोपडं उचललं, फिटरने कापडाने चक्र पुसलं, बोटाने मोजलं. वर काहीच नव्हतं. ती वीतभर उंची रिकाम्या पत्र्याची. असले आम्ही अकरा नोंदवलेत.

मी म्हटलं, चक्र बदललेलं आहे. मूळचं कुणीतरी विकून खाल्लं. फिटर म्हणाला, "बोल्टांवर भोंगा बनवला तेव्हाचाच रंग आहे. कुणी हात लावलेला नाही." मी म्हटलं, मग क्रेनवाल्याने. मग म्हटलं, पंपवाल्याने. सगळे माझ्याकडे बघत होते, वेल्डरसुद्धा.

बाहेर आल्यावर फिटरने हळूच विचारलं, "मास्तर, तुम्हाला खरंच दोन ऐकू आले होते ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हणजे मी खोटं बोललो? माझं नाव व्हावं म्हणून तुझ्या बापाचा भोंगा घालवला, असंच ना? स्पष्ट बोल!

"मी असं कुठं म्हटलं?"

"तुम्ही घरी जा," मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि गेला.

१७ नोव्हेंबर

मला दोन ऐकू आले होते. या वहीत तरी खोटं कशाला लिहू?

२३ नोव्हेंबर

फिटर आला नाही. येईल. दर बुधवारी येतो.

३० नोव्हेंबर

आला नाही. बाई येतात, पण पाच मिनिटं बसतात आणि घड्याळ बघतात.

नातीने व्हायोलिन पेटीत घालून माळ्यावर ठेवलं, असं सून सांगत होती. मी विचारलं, का? सुनेने हिच्याकडे बघितलं, हिने खिडकीकडे.

४ डिसेंबर

बाजारात पडलो. भाजीच्या गाड्यासमोर, धडधाकट माणूस, धाडकन. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता म्हणे. मला घंटी ऐकू आलीच नाही. बाजूला व्हायला वळलो आणि जमीन वर आली. हिने या वेळी विचारलं नाही, सरळ कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

५ डिसेंबर

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते काल लिहू शकलो नाही. आज लिहितो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. आधी यंत्रावर तपासलं. मग खणातून नादकाटा काढला, माझ्यासारखाच. वाजवून उजव्या कानाशी धरला. मग डाव्या. विचारलं, "काही फरक?"

मी म्हटलं, "हो तर. डावीकडचा काटा चढा आहे. जवळजवळ एका सुराने."

त्यांनी काटा माझ्या हातात दिला. "काका, काटा एकच आहे."

मी स्वतः वाजवून बघितला. उजवीकडे एक, डावीकडे दुसरा. पुन्हा वाजवला. पाच-सहा वेळा वाजवला असेल, शेवटी हिने माझा हात धरला. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की आतल्या कानात पाणी साठतं, म्हणून चक्कर, म्हणून तो दडा, आणि बिघडलेला कान तोच सूर वेगळा ऐकतो. म्हणजे एका आवाजाचे दोन. वर्षभर तरी असेल म्हणाल्या. औषधाने चक्कर कमी होईल, पण कान परत येईल असं सांगत नाही, म्हणाल्या.

गंधार उतरलेला का होता, ते आता कळलं. फिटरने मला तिथेच सांगितलं होतं. लोखंडाचं सांगितलं, पण ते सुराचंच होतं.

रेडिओ चांगला आहे. नादकाटा चांगला आहे. पोरीने सूर बरोबर लावला होता.

घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडलो. नळाच्या आवाजाखाली रडणं झाकलं गेलं का, तेही मला आता नीट कळत नाही, त्यामुळे हिला किती ऐकू गेलं ते मला माहीत नाही.

६ डिसेंबर

नातीकडे गेलो. तिच्यासमोर कान धरले. म्हटलं, "चूक माझी, तू बरोबर होतीस." ती म्हणाली, "ठीक आहे, आजोबा." व्हायोलिन खाली काढ म्हटलं. "नंतर," म्हणाली. लहान मुलं 'नंतर' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते मास्तराला कुणी सांगायला नको.

८ डिसेंबर

बाई नोंदवही घेऊन आल्या. "फिटरने दिलीय. म्हणाले, आता मास्तरांकडे राहू दे." त्यांना मी कानाचं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि त्या माणसाला वाटतंय तुम्ही जाणूनबुजून केलंत."

मी वही उघडली. जलकेंद्राच्या पानावर चोवीस ऑक्टोबरची चिठ्ठी डकवलेली. 'एक' लिहिलेलं, त्यावर काट मारून 'दोन'. खाली त्याच्या त्या चांगल्या अक्षरात: "मला एक ऐकू आला. पण माझा कान फिटरचा."

पहिल्या पानावर दोरखंडाचा कारखाना. तिथे नुसतं: "पाडला."

तो मला सांगू शकला असता. एक शब्द बोलला असता तर मी काय केलं असतं? त्याला गप्प बसवलं असतं. तेच केलं असतं, दुसरं काही नाही.

१० डिसेंबर

आज गेलो. त्याचं घर दोन खोल्यांचं, कारखान्याच्या मागच्या गल्लीत. खिडकीतून पूर्वी छप्पर दिसायचं, आता मोकळं आभाळ दिसतं. खिडकीच्या फळीवर ती लाकडी मूठ, पुसून ठेवलेली.

त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो, तो स्टूल घेऊन माझ्या डावीकडे. रस्ताभर बोलायचं जुळवत आलो होतो, ते सोडून दिलं. खिशातून दोन कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या, एक त्याच्यापुढे ठेवली.

"आधी लिहायचं," मी म्हटलं.

त्याने कानावरची पेन्सिल काढली. दोघंही लिहीत बसलो, परीक्षेला बसल्यासारखे. मी लिहिलं: "डावा कान गेलाय. एका आवाजाचे दोन ऐकू येतात, डॉक्टरनी तपासलं. खोटं बोललो नाही. पण तुला बोलू दिलं नाही, ती चूक माझी. वडिलांचा भोंगा माझ्यामुळे गेला."

चिठ्ठ्या एकदम उघडल्या. त्याच्या चिठ्ठीवर होतं: "राग आहे. तो जायचा नाही."

माझी चिठ्ठी त्याने दोनदा वाचली. डोळे पुसले नाहीत, मला वाटलं पुसेल. नोंदवही मी बरोबर नेली होती. ती त्याने उघडली, पहिल्या पानावर 'पाडला'च्या खाली दोन्ही चिठ्ठ्या डकवल्या, आपल्या अंगठ्याने दाबून. डिंक वाळेपर्यंत अंगठा तसाच.

नंतर काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. पुन्हा बोल म्हणायची छाती झाली नाही.

त्याच्या ते लक्षात आलं. तो उठला, स्टूल उचललं आणि माझ्या उजवीकडे येऊन बसला.